हालचालींची वर्णमाला आणि 'प्रमाण' कामगार

एखाद्या विद्याशाखेचे परीक्षण करावयाचे तर तिचे सिद्धांत तपासण्याची रीत रूढ आहे. तिची परिभाषा तपासण्याची रीत तितकीशी रूढ नाही. औद्योगिक अभियांत्रिकीच्या बाबतीत मात्र दुसरी रीत अधिक फलदायी ठरावी असे मानण्यास कारण आहे. स्थापत्य, यंत्र, विद्युत या अभियांत्रिकीच्या जुन्या शाखांचा विषय मनुष्याबाहेरचा पदार्थ हा होता. औद्योगिक अभियांत्रिकीने प्रारंभीच काम करणारा माणूस हा आपला विषय मानला, आणि त्याचे काम कागदावर उतरवण्यासाठी तिला स्वतःची एक वर्णमाला रचावी लागली. विद्यापीठात हा विषय शिकणारा विद्यार्थी सूत्रे आणि आलेख यांच्याबरोबर ही वर्णमालाही शिकतो, आणि पुढे आयुष्यभर माणसांचे काम तिच्यातूनच वाचतो. ती वर्णमाला कितपत शास्त्रशुद्ध आहे, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे योजिला आहे.

त्यासाठी अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या पर्ड्यू विद्यापीठाचे उदाहरण सोयीचे आहे. औद्योगिक अभियांत्रिकीचा पहिला अभ्यासक्रम तेथला नव्हे. तो मान १९०८-०९ च्या सुमारास ह्यूगो डीमर यांनी पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजात सुरू केलेल्या अभ्यासक्रमाचा आहे. पर्ड्यू हे १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना मिळालेल्या जमिनींच्या आधारावर उभे राहिलेले सार्वजनिक विद्यापीठ. त्याची स्थापना १८६९ ची, अध्यापनास प्रारंभ १८७४ मध्ये, ३९ विद्यार्थ्यांनिशी. आज वेस्ट लाफायेट येथील विद्यार्थिसंख्या ५०,००० च्या पुढे आहे. शेतकी आणि यंत्रविद्या कष्टकरी वर्गाच्या मुलांना शिकवाव्यात हा त्या कायद्यामागील उद्देश होता. ज्या वर्गाचे काम घड्याळाखाली आले त्याच वर्गातील मुले अशा विद्यापीठांतून घड्याळ हाती धरण्यास शिकली, ही गोष्ट पुढील विवेचनात विसरता येणार नाही.

याच विद्यापीठात १९३५ मध्ये लिलियन गिल्ब्रेथ अध्यापनासाठी आल्या आणि १९४८ पर्यंत राहिल्या. अभियांत्रिकीच्या त्या तेथील पहिल्या स्त्री-प्राध्यापक. त्यांची डॉक्टरेट मानसशास्त्रातील, १९१५ मध्ये ब्राउन विद्यापीठाने दिलेली. त्यांचे व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावरील पुस्तक १९१४ मध्ये निघाले तेव्हा लेखक स्त्री आहे हे कळू नये म्हणून नावाची केवळ आद्याक्षरे छापण्यात आली होती! त्यांचे पती फ्रँक १९२४ मध्ये निवर्तले होते. परंतु उभयतांनी मिळून घडवलेली हालचालींच्या विश्लेषणाची पद्धती लिलियन यांच्यामार्फत पर्ड्यूच्या प्रयोगशाळेत आली, आणि गिल्ब्रेथ दांपत्याचा कागदपत्रांचा संग्रहही आज त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

या पद्धतीचा उगम एका निरीक्षणात आहे. फ्रँक गिल्ब्रेथ १८८५ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, गवंड्यांच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. त्यांना दिसले ते असे, की एकच गवंडी विटा रचण्याच्या तीन निरनिराळ्या रीती वापरतो : घाईत असताना एक, सावकाश काम करताना दुसरी, आणि उमेदवाराला शिकवताना तिसरी. शिकवताना दाखवलेली रीत तो स्वतःच्या कामात वापरीतच नाही. भाषेच्या अभ्यासकाला हे निरीक्षण ओळखीचे वाटेल. निवेदक आपल्या बोलीचे म्हणून जे रूप सांगतो आणि तो घरात प्रत्यक्ष जे बोलतो यांतील अंतर हा क्षेत्रीय भाषाभ्यासाचा पहिला धडा होय. प्रसंगानुसार रूपे बदलतात आणि तो बदल दोष नसून त्यालाही व्यवस्था असते, इथपर्यंत येण्यास भाषाशास्त्राला पुष्कळ काळ लागला. एका उमेदवाराने ते परांचीवर उभे राहून पाहिले, हे त्याच्या दृष्टीच्या तीक्ष्णतेचे गमक आहे.

परंतु या निरीक्षणातून काढलेला निष्कर्ष मात्र जुन्या, शुद्धाशुद्ध ठरवणाऱ्या व्याकरणकारांच्या संप्रदायातला आहे. रीती तीन असतील तर त्यांतील एकच खरी उत्तम असली पाहिजे. ती शोधावी आणि उरलेल्या टाकाव्यात. 'एकमेव उत्तम रीत' हे गिल्ब्रेथ यांचे बीजवाक्य येथून निघाले. त्याचे फळ मिळाले नाही असे नाही. विटांचा ढीग पायाशी न ठेवता उंची बदलता येणाऱ्या परांचीवर हाताशी ठेवला, तेव्हा दर विटेमागे गवंड्याला वाकावे लागेना. एका विटेमागच्या १८ हालचाली ५ वर आल्या. ताशी १२० विटांऐवजी ३५० विटा लागू लागल्या, असे टेलरने १९११ च्या आपल्या पुस्तकात नमूद केले आहे. टेलरच्या आकड्यांविषयी थोडी सावधगिरी बरी. त्याच पुस्तकातील, दिवसाकाठी १२½ टनांऐवजी ४७ टन बीड उचलणाऱ्या मजुराची प्रसिद्ध कथा पुढील इतिहाससंशोधकांना जशीच्या तशी स्वीकारता आलेली नाही. परंतु गवंड्याची पाठ वाचली हा लाभ निर्विवाद आहे.

पुढे गिल्ब्रेथ यांनी कामगारांच्या बोटांना लहान दिवे बांधून अंधुक उजेडात दीर्घकाळ छायाचित्रे घेतली. चित्रात हात दिसत नाही, हाताने काढलेली प्रकाशरेषा तेवढी दिसते. हालचालीचे हे एक प्रकारचे लेखनच होते. पण ध्वनिलहरींच्या आलेखात 'क' कोठे संपला आणि 'अ' कोठे सुरू झाला हे जसे रेषा पाहून सांगता येत नाही, तसेच येथे. रेषा अखंड असते, एकके पाडावी लागतात ती अभ्यासकाला. या गरजेतून जी एकके निघाली त्यांना गिल्ब्रेथ यांनी स्वतःचे आडनाव उलटे करून 'थर्ब्लिग' हे नाव दिले.

थर्ब्लिग मूळ १७. त्यांची यादी मराठीत मांडली तर ती अशी होईल : शोधणे, निवडणे, पकडणे, रिकामा हात नेणे, भरला हात नेणे, धरून ठेवणे, सोडणे, नेमके बसते करणे, आगाऊ बसते करून ठेवणे, तपासणे, जोडणे, सुटे करणे, वापरणे, अटळ विलंब, टाळण्याजोगा विलंब, योजना करणे, आणि थकवा जाण्यासाठी विश्रांती. काही ग्रंथकारांनी 'सापडणे' हे अठरावे जोडले. प्रत्येक एककाला एक चिन्ह आणि एक रंग आहे. प्रयोगशाळेतील विद्यार्थी कामाचे चलचित्र चित्रामागून चित्र पाहतो, डाव्या आणि उजव्या हाताचे दोन उभे पट्टे आखतो आणि सेकंदाच्या अंशाअंशाने ते रंगांनी भरतो. अशा तक्त्यांत पुष्कळदा डाव्या हाताचा पट्टा 'धरून ठेवणे' या एकाच रंगाने भरलेला आढळतो, आणि पकड बसवून तो हात मोकळा करावा ही सूचना आपोआप पुढे येते. पद्धतीचे सामर्थ्य येथे आहे.

तिची उणीवही याच यादीत आहे. या सतरा एककांची एक जात नाही. पकडणे, सोडणे, जोडणे या हाताच्या क्रिया आहेत. त्या चित्रात दिसतात. शोधणे, निवडणे, योजना करणे या मनाच्या क्रिया आहेत. त्या दिसत नाहीत, डोळ्यांवरून आणि थबकलेल्या हातावरून त्यांचे अनुमान करावे लागते. आणि 'टाळण्याजोगा विलंब' ही तर क्रियाच नव्हे, तो निवाडा आहे. हात थांबला एवढेच चित्र सांगते. तो थांबायला नको होता हे चित्र सांगत नाही. वर्ण, अर्थ आणि शुद्धाशुद्धता ही तिन्ही एकाच तक्त्यात मांडणारे व्याकरण कोणी लिहिले तर त्याला पहिल्याच वर्षाचा विद्यार्थी हरकत घेईल. चिन्हांकडे पाहावे. अटळ विलंबाचे चिन्ह म्हणजे अडखळून तोंडावर आपटणारा माणूस. टाळण्याजोग्या विलंबाचे चिन्ह म्हणजे खुशाल आडवा झालेला माणूस. दोहोंचे रंग पिवळेच, एक गेरूकडे झुकणारा आणि दुसरा लिंबाचा. पिवळ्याच्या या दोन छटांमधला भेद हा कामगाराचा प्रामाणिकपणा आणि कामचुकारपणा यांमधला भेद आहे, आणि तो ठरवणार रंगपेटी हाती असलेला वीस वर्षांचा विद्यार्थी.

येथे केनेथ पाइक यांच्या विवेचनाची आठवण होणे साहजिक आहे. मिशिगन या तशाच मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या या भाषाशास्त्रज्ञाने १९५४ पासून भागाभागाने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भाषेची एकके आणि एकूण मानवी वर्तनाची एकके एकाच सूत्रात आणण्याचा प्रयत्न केला. बाहेरच्या निरीक्षकाने आपल्या मोजपट्टीने पाडलेली एकके निराळी, आणि वर्तन करणाऱ्यांच्या दृष्टीने ज्यांनी अर्थभेद होतो ती एकके निराळी, हा त्यांचा सुप्रसिद्ध भेद. ध्वनी आणि वर्ण यांमधील अंतरच त्यांनी वर्तनाला लावले. या कसोटीने पाहिले तर थर्ब्लिग ही पहिल्या जातीची एकके असून दुसऱ्या जातीचा अधिकार गाजवितात. न्यायाची गोष्ट अशी, की गिल्ब्रेथ यांची उत्तम उदाहरणे या तक्त्याच्या पलीकडे गेलेली आहेत. वीट ठेवल्यावर गवंडी तिला थापीच्या दांड्याने ठोकतो. ती हालचाल वायफळ म्हणून त्यांनी नुसती खोडली नाही. चुना मधूनच घट्ट मधूनच पातळ असतो म्हणून ठोकावे लागते, हे त्यांनी ओळखले. चुना नीट कालवला तेव्हा ठोकण्याची गरज आपोआप सरली. हे वाचन आतून केलेले आहे. दुर्दैव असे की पाठ्यपुस्तकात तक्ता उतरला, हे वाचन उतरले नाही.

परिभाषेची आणखी एक परीक्षा भाषांतराने होते. 'पकडणे' आणि 'धरून ठेवणे' यांतील भेद इंग्रजी ग्रंथांना व्याख्या देऊन सांगावा लागतो. मराठीत 'ठेवणे' या सहायक क्रियापदाने तो एका शब्दात होतो. या ठिकाणी मराठी व्याकरण तक्त्याच्या बाजूचे आहे. उलट 'नेणे' आणि 'आणणे' हा भेद, कोणाकडून कोणाकडे हे सांगितल्याशिवाय मराठी माणूस वाक्यच पुरे करू शकत नाही. तक्त्याला त्याचे सोयरसुतक नाही, तेथे हात केवळ भरला किंवा रिकामा. खरी अडचण विलंबाशी येते. मराठीत 'टंगळमंगळ', 'चालढकल', 'वेळकाढूपणा' असे शब्द विपुल आहेत आणि ते सर्व उघड दोषारोप करतात. 'दम खाणे', 'विसावा घेणे', 'पाठ टेकणे' हेही आहेत आणि ते सर्व समर्थन करतात. दोन्हींच्या मधला, निव्वळ थांबणे सांगणारा आणि तरीही शास्त्रीय वाटणारा शब्द शोधू गेल्यास भाषांतरकाराला 'टाळण्याजोगा विलंब' असे काही तरी बनवावे लागते. बनवताना त्याच्या ध्यानात येते की मूळ इंग्रजी संज्ञेतही दोषारोप आहेच, फक्त तिने शास्त्राचा अंगरखा घातला आहे. 'टंगळमंगळ' हा शब्द निदान प्रांजळ आहे.

एकके पाडून झाली की त्यांना वेळ द्यावा लागतो, आणि येथे 'प्रमाण' हा शब्द प्रवेश करतो. विद्यार्थी घड्याळाने प्रत्यक्ष वेळ मोजतो, परंतु तो वेळ जसाच्या तसा घेत नाही. समोरचा कामगार सामान्य गतीपेक्षा जलद आहे की मंद हे ठरवून तो एका गुणकाने गुणतो, मग वैयक्तिक गरजा, थकवा आणि अडथळे यांसाठी सूट मिळवतो. येणारा आकडा हा प्रमाणकाल. गिल्ब्रेथ दांपत्याला ही घड्याळी रीत मान्य नव्हती आणि १९२० मध्ये त्यांनी तिच्याविरुद्ध उघड निबंध वाचला, हे त्यांच्या पक्षाने सांगितले पाहिजे. तथापि अभ्यासक्रमात दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदल्या.

गुणक कसा ठरतो? वेस्टिंगहाउस कंपनीत घडलेली आणि १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत अनेक पाठ्यपुस्तकांनी उचलली. तीत कामगाराचे कौशल्य, प्रयत्न, परिस्थिती आणि सातत्य यांना प्रत्येकी सहा पायऱ्यांची विशेषणे आहेत. कौशल्यासाठी 'असामान्य'पासून 'निकृष्ट'पर्यंतच्या शिडीला अधिक ०.१५ पासून उणे ०.२२ पर्यंतचे अंक दिले आहेत. प्रयत्नासाठी अधिक ०.१३ पासून उणे ०.१७ पर्यंत. 'सरासरी' म्हणजे शून्य. म्हणजे मध्य हा मध्यभागी नाही : वर चढायला पंधरा पावले आणि खाली उतरायला बावीस. विशेषणांचे असे शतांशांत रूपांतर करण्यास भाषेत आधार कोणता? 'चांगला' आणि 'उत्तम' यांतील अंतर बोलणाऱ्यागणिक बदलते; ते दोन दशांशस्थळांपर्यंत नेल्याने त्याची अनिश्चितता जात नाही, ती दिसेनाशी होते. गणिताने भाषेचा उद्धार करण्याऐवजी येथे भाषेनेच गणिताला फसवले आहे असे म्हणावेसे वाटते.

'सामान्य गती' म्हणजे कोणती, हे विद्यार्थ्याच्या डोळ्यांत बसावे म्हणून दोन नमुने दिले जातात : ताशी ३ मैल चालणे, आणि ५२ पत्त्यांचा जोड ३० सेकंदांत चार हातांना वाटणे. पत्त्यांचा डाव हा श्रमाचा मानदंड व्हावा, ही मौजेची गोष्ट आहे. पण मौज बाजूला ठेवली तरी प्रश्न उरतो. ही गती कामगारांची सरासरी काढून आलेली नाही. अवाजवी थकवा न येता दिवसभर टिकेल ती गती सामान्य, अशी तिची व्याख्या केली जाते. आणि 'अवाजवी' कोणता, तर सामान्य गतीने येणाऱ्या थकव्याहून अधिक. व्याख्या स्वतःच्याच शेपटीशी येऊन थांबते. प्रमाण भाषेची चर्चा करताना 'शिष्ट बोलतात ती प्रमाण आणि प्रमाण बोलतात ते शिष्ट' या वर्तुळात आपल्याकडील लेखक वर्षानुवर्षे फिरले, त्याचीच ही कारखान्यातली आवृत्ती. भेद एवढाच, की अप्रमाण बोलणाऱ्याला फार तर हसतात; अप्रमाण काम करणाऱ्याचा रोज कापला जातो.

मराठी कामगाराची या शब्दाशी ओळख पुस्तकातून झालेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यातील कामगाराने दोनांऐवजी तीन साचे चालवावेत आणि सूतखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, ही योजना 'रॅशनलायझेशन' या नावाने आली आणि १९२८ च्या, सुमारे सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपाच्या कारणांत तिचा वाटा मोठा होता. एक माणूस किती साचे सांभाळू शकतो, हा त्या वेळी वादाचा विषय होता. मालकांच्या दृष्टीने ते मोजमाप होते, कामगारांच्या दृष्टीने मागणी. पुढे १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या साहाय्याने मुंबईत औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था निघाली (२०२३ पासून ती भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई, या नावाने ओळखली जाते), आणि विषयाचे शिक्षण येथेच मिळू लागले. ते इंग्रजीतून असल्यामुळे वर पाहिलेली भाषांतराची कसोटी मात्र वर्गात कधी लागलीच नाही.

विषय आता पुष्कळ बदलला आहे. पर्ड्यूसारख्या विद्यापीठातील आजच्या विद्यार्थ्याचा बहुतेक वेळ संभाव्यता, संख्याशास्त्र, प्रवर्तन संशोधन, संगणकावरील अनुकरणे आणि पुरवठा-साखळी यांत जातो; थर्ब्लिग पाठ्यपुस्तकाच्या थोड्या पानांत आटोपतात. तेव्हा मेलेल्या वर्णमालेचे शवविच्छेदन कशाला, अशी शंका कोणी घेईल. परंतु वर्णमाला मेली नाही, ती यंत्रात शिरली. १९४८ मध्ये मेनार्ड, स्टेगमर्टन आणि श्वाब यांनी हालचालींना आधीच ठरवलेले वेळ देणारे कोष्टक प्रसिद्ध केले. त्याचे एकक ०.०३६ सेकंद. आज मोठ्या गोदामांत कामगाराच्या हातातील स्कॅनर दोन नोंदींमधला रिकामा वेळ आपोआप टिपतो आणि त्याचा हिशेब वरिष्ठांपुढे ठेवतो. गेरूचा पिवळा की लिंबाचा पिवळा, हे विचारणारा विद्यार्थीही आता तेथे उभा नाही. यंत्राला एकच पिवळा ठाऊक आहे. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याला गोदामांतील कामाच्या कोट्यांविषयी कायदा करावा लागला, आणि जेवण, विश्रांती व स्वच्छतागृह यांच्या आड येईल असा कोटा कामगाराकडून पुरा करून घेता येणार नाही, असे त्यात लिहावे लागले. गिल्ब्रेथ यांनी 'थकवा जाण्यासाठी विश्रांती' हे कामाचेच एक एकक मानून तक्त्यात बसवले होते, आणि १९१६ च्या थकव्यावरील पुस्तकात विश्रांतीच्या खुर्च्यांचा पुरस्कार केला होता. मूळ तक्त्यातली ही जागा पुढच्या हिशेबात टक्केवारीची सूट बनली, आणि स्कॅनरच्या हिशेबात तीही उरली नाही.

मराठीत या विषयाचे पाठ्यपुस्तक कोणी लिहू इच्छील तर त्याला संज्ञा नव्याने ठरवाव्या लागतील, आणि तेव्हा मुळातला दोष उचलण्याचे बंधन त्याच्यावर नाही. दोन विलंबांऐवजी 'थांबा' हे एकच एकक ठेवावे. तो कशामुळे पडला हे तक्त्याच्या बाहेर, निराळ्या रकान्यात, काम करणाऱ्याला विचारून लिहावे. 'प्रमाणकाल' ऐवजी 'ठरीव वेळ' म्हणावे, कारण तो कोणी तरी ठरवलेला असतो, आणि कोणी ठरवला हा प्रश्न त्या शब्दातच शिल्लक राहतो. 'सूट' हा शब्द तर अजिबात नको. विसाव्याला सूट म्हटले की तो कोणाच्या तरी मेहेरबानीवर येतो. गवंड्याच्या भाषेत त्याला 'विसावा' म्हणतात, आणि तक्त्याच्या रकान्यात तो शब्द मावतो.